महाधिवक्ता कोर्टात शब्द देतात तेव्हा

सोलापूरला लॉच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका मुलीने चार प्रश्न विचारले आहेत. राज्याचे महाधिवक्ता दिवसभर नेमकं काय करतात? तिथवर पोचतात कसे? त्यासाठी सत्ताधारी पक्षाच्या जवळ असावं लागतं का? आणि अमेरिकेच्या बातम्यांत दिसणारे राज्यांचे अटर्नी जनरल म्हणजे हेच का? मी मुंबई उच्च न्यायालयात सव्वीस वर्षं वकिली करते आहे. त्यातली चौदा वर्षं सहायक सरकारी वकील होते, म्हणजे आमच्या भाषेत एजीपी. वेगवेगळ्या महाधिवक्त्यांच्या मागच्या रांगेत फायली सांभाळत उभं राहण्यात माझी निम्मी वकिली गेली. त्या वर्षांतल्या प्रसंगांत कुणाचं नाव घेणार नाही. इतिहास मात्र नावानिशी सांगते.

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, तो लवकर उरकतो. अमेरिकेतल्या 50 पैकी 43 राज्यांत अटर्नी जनरल लोकांच्या मतांवर निवडून येतो. त्याला पक्ष असतो, प्रचार असतो, आणि गव्हर्नरशी पटलं नाही तरी त्याची खुर्ची हलत नाही. जनतेच्या वतीने तो स्वतःहून कंपन्यांवर दावे लावतो. 1998 साली 46 राज्यांच्या अटर्नी जनरलनी मोठ्या सिगारेट कंपन्यांशी करार करून अब्जावधी डॉलर वसूल केले, ते याच अधिकारात. बिल क्लिंटन आधी आर्कान्सॉ राज्याचे अटर्नी जनरल होते, मग तिथलेच गव्हर्नर झाले. तिकडे हे पद राजकारणाची पायरी आहे आणि तसं उघड मानलंही जातं. आपल्याकडे तसं नाही. संविधानाच्या अनुच्छेद 165 नुसार महाधिवक्त्यांना राज्यपाल नेमतात. हायकोर्टाचा न्यायाधीश व्हायला जी पात्रता लागते तीच इथे लागते, म्हणजे वकिलाच्या बाबतीत हायकोर्टातली किमान 10 वर्षांची वकिली. मुदत ठरलेली नाही. राज्यपालांची मर्जी असेतोवर पद, आणि मर्जी म्हणजे प्रत्यक्षात मंत्रिमंडळाचा सल्ला.

नावांचा गोंधळही इथेच मिटवून टाकू. केंद्राचे ते महान्यायवादी, राज्याचे ते महाधिवक्ता. वर्तमानपत्रांत दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी पडतात, आणि कोर्टाच्या आवारात तर दोघांनाही ‘एजी’च म्हणतात. मुंबई उच्च न्यायालय महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांचं आहे, पण गोव्याचे महाधिवक्ता वेगळे. विधानसभेत आणि विधान परिषदेत बोलायचा अधिकार अनुच्छेद 177 ने महाधिवक्त्यांना दिलेला आहे, मतदानाचा नाही.

आता काम. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की सरकारची प्रत्येक केस एजी चालवतात. हायकोर्टात सरकारविरुद्धच्या याचिका रोज शेकड्यांनी बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीत, असतात. त्या सरकारी वकील आणि आमच्यासारखे एजीपी चालवतात. एजी येतात ते राज्याच्या कायद्याला आव्हान असेल, मोठ्या धोरणाचा प्रश्न असेल किंवा खंडपीठानेच ‘महाधिवक्त्यांना बोलवा’ म्हटलं असेल तेव्हा. पण कोर्टात दिसणारं काम हे निम्मंच. उरलेलं निम्मं कागदावर होतं आणि ते कुणालाच दिसत नाही. ते म्हणजे अभिप्राय.

एखाद्या विभागाला निर्णय घ्यायचा असतो आणि कायद्याची शंका असते. मग नस्ती, म्हणजे त्या प्रकरणाची सरकारी फाईल, विधी व न्याय विभागाकडे जाते, तिथले विधी परामर्शी, म्हणजे कायद्याचे सल्लागार, ती बघतात, आणि प्रश्न मोठा असेल तर ती महाधिवक्त्यांकडे येते. नस्तीच्या एका भागात टिपण्या, दुसऱ्या भागात पत्रव्यवहार. टिपण्या मराठीत, आणि मंत्रालयातली ती एक खास मराठी असते: ‘सबब, प्रस्ताव मान्यतेस्तव सविनय सादर.’ सगळ्याच महाधिवक्त्यांना ती भाषा सवयीची असते असं नाही. माझ्यासारखीने टेबलाच्या पलीकडे बसून वाचून दाखवायचं, अडेल तिथे इंग्रजीत सांगायचं, हे कामच होतं.

त्या वाचनातून मी जे शिकले ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. विभागाकडून येणारा प्रश्न बहुतेकदा असा लिहिलेला असतो की उत्तर ‘होय’च यावं. ‘सदर निर्णय घेण्यास कायदेशीर अडचण आहे काय?’ एवढी एक ओळ, आणि मागे दीडशे पानं. एकदा एका जमिनीच्या प्रकरणात अशीच नस्ती आली. मी सारांश काढून आणला होता आणि मला तो नीटनेटका वाटत होता. साहेबांनी, म्हणजे तेव्हाच्या महाधिवक्त्यांनी, तो बाजूला ठेवला आणि म्हणाले, "पहिल्या टिपणीपासून वाचा. खालच्या सह्यांपासून." वाचता वाचता मधल्या एका पानावर एका कक्ष अधिकाऱ्याच्या चार ओळी सापडल्या. याच जमिनीबाबत आधीच्या एका आदेशात घातलेली अट अजून पूर्ण झालेली नाही, असं त्याने लिहून ठेवलं होतं. त्याच्या वरच्या कुणीही त्याचं खंडन केलं नव्हतं, कुणी उल्लेखही केला नव्हता. ती टिपणी तशीच खाली गाडली गेली होती, आणि माझ्या सारांशातही ती नव्हती. साहेबांनी विभागाचा प्रश्न खोडला, स्वतःचा लिहिला: ‘अट पूर्ण झालेली नसताना हा निर्णय घेता येईल का?’ आणि खाली अभिप्राय दिला: नाही. त्या अधिकाऱ्याला कधी कळलं असेल का, मला माहीत नाही. पण त्याच्या चार ओळींनी एक चुकीचा निर्णय अडला हे मी डोळ्यांनी पाहिलं.

अशिलाला ‘नाही’ म्हणणं ही वकिलीतली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. तुझा अशील राज्य सरकार असेल, त्याच्याच मर्जीवर तुझं पद असेल आणि नस्तीवर मंत्र्यांची सही आधीच झालेली असेल, तेव्हा ती आणखी अवघड होते. महाधिवक्ता चांगले की साधारण हे मी त्यांच्या युक्तिवादावरून कधी ठरवलं नाही. ते किती वेळा आणि किती लवकर ‘नाही’ म्हणतात यावरून ठरवलं. लवकर म्हणणं महत्त्वाचं, कारण शासन निर्णय निघाल्यावर म्हटलेल्या ‘नाही’चा उपयोग फक्त समोरच्या पक्षकाराच्या वकिलाला होतो.

कोर्टातल्या कामाबद्दल सांगताना मला एकाच गोष्टीवर थांबायचं आहे, कारण सगळं पद त्या गोष्टीवर उभं आहे असं माझं मत आहे. ती म्हणजे निवेदन, आमच्या बोलीत स्टेटमेंट. याचिकाकर्ता तातडीची स्थगिती मागतो. खंडपीठ वरून विचारतं, मिस्टर अ‍ॅडव्होकेट जनरल, पुढच्या तारखेपर्यंत तुम्ही काही करणार नाही ना? महाधिवक्ता उठतात आणि सूचनेनुसार, म्हणजे ‘ऑन इन्स्ट्रक्शन्स’, सांगतात की पुढील तारखेपर्यंत कारवाई होणार नाही. कोर्ट लिहून घेतं: निवेदन स्वीकारलं. स्थगितीचा आदेश निघतच नाही. एका माणसाच्या तोंडच्या एका वाक्यावर शेकडो घरं उभी राहतात किंवा एखादी भरती थांबते. दुसऱ्या वकिलाच्या बाबतीत कोर्ट प्रतिज्ञापत्र मागेल. इथे मागत नाही, कारण त्या जागेवर आजवर उभ्या राहिलेल्या माणसांनी दिलेला शब्द पाळला गेला, असा कोर्टाचा अनुभव आहे. नवे महाधिवक्ता पदावर येतात तेव्हा ही ठेव त्यांना आयती मिळते. ती वाढवायची की खर्चून टाकायची, हे त्यांच्या हातात असतं.

एका शुक्रवारचा प्रसंग सांगते. दुपारचे सव्वाचार, बाहेर धो धो पाऊस. प्रकरण पाडकामाचं. खंडपीठाने निवेदनाबद्दल विचारलं, साहेबांनी दहा मिनिटांसाठी पास ओव्हर, म्हणजे प्रकरण तेवढा वेळ मागे ठेवायला, मागितलं, आणि मी बाहेरच्या दगडी व्हरांड्यात जाऊन त्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "हो हो, सांगा मॅडम, नाही पाडत आम्ही." मी आत जाऊन साहेबांच्या कानात तेच सांगितलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "लेखी आहे?" नव्हतं. पुन्हा बाहेर. अधिकाऱ्याचा सूर आता बदलला होता. आमचे वरिष्ठ मीटिंगमध्ये आहेत, लेखी द्यायचं तर त्यांना विचारावं लागेल, तुम्ही सांगून टाका ना. मी आग्रह धरला. शेवटी दोन ओळी आणि खाली सही, असा कागदाचा फोटो माझ्या फोनवर आला. त्या दोन ओळींत लिहिलं होतं की ‘सोमवारपर्यंत’ कारवाई करणार नाही. पुढची तारीख गुरुवारची पडणार होती. फोनवरच्या ‘नाही पाडत’वर साहेबांनी शब्द दिला असता, तर मंगळवारी सकाळी बुलडोझर उभा राहिला असता आणि महाराष्ट्राच्या महाधिवक्त्यांचा शब्द खोटा पडला असता. त्यांनी कोर्टाला जसं होतं तसं सांगितलं: मला सोमवारपर्यंतच्याच सूचना आहेत. कोर्टाने सोमवारनंतरच्या दिवसांसाठी स्थगिती दिली. सरकारविरुद्ध आदेश झाला आणि साहेब समाधानाने खाली बसले. मला तेव्हा ते समजलं नाही, आता समजतं.

दुसऱ्या एका वेळी दिलेला शब्द खाली पाळला गेला नाही. निवेदनाची माहिती तालुक्यापर्यंत पोचायच्या आत कुणीतरी कारवाई करून टाकली होती. ही बातमी आम्हाला रात्री कळली. याचिकाकर्त्याच्या वकिलांना अजून कळली नव्हती. दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या ठोक्याला, त्यांच्या आधी, महाधिवक्त्यांनी स्वतः प्रकरण मेन्शन केलं, म्हणजे स्वतःहून कोर्टापुढे काढलं, काय घडलं ते सांगितलं, माफी मागितली आणि जे पूर्ववत करता येईल ते करायची हमी दिली. कोर्टरूममध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होती. पुढच्या काळात त्यांच्या निवेदनाबद्दल खंडपीठाने कधी उलटा प्रश्न केलेला मी ऐकला नाही.

आता इतिहासातला माणूस. या पदाची महाराष्ट्रात जी प्रतिष्ठा आहे तिचा मोठा वाटा होरमसजी माणेकजी सीरवाई यांचा. 1906 साली मुंबईत जन्म, एल्फिन्स्टन कॉलेज, सरकारी लॉ कॉलेज, मग सर जमशेटजी कांगा यांचं चेंबर. कांगा स्वतः 1922 ते 1935 मुंबईचे महाधिवक्ता होते. सीरवाई 1957 साली महाधिवक्ता झाले आणि 1974 पर्यंत राहिले, सलग सतरा वर्षं. ते पदावर आले तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्य होतं. यशवंतराव चव्हाण, कन्नमवार, वसंतराव नाईक असे मुख्यमंत्री बदलले, राज्याचंच विभाजन झालं, महाधिवक्ता तेच. (सरकार एकाच पक्षाचं होतं हे खरं, पण एका पक्षातही माणसं बदलली की वकील बदलतात.) याच काळात, 1967 साली, भारतीय संविधानावरचा त्यांचा ग्रंथ आला. महाधिवक्तापद सांभाळत, रोज कोर्टात उभं राहत त्यांनी तो लिहिला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांवर त्यात सडेतोड टीका आहे, आणि नंतर तेच न्यायालय त्या ग्रंथातले उतारे निकालांत देत राहिलं. देशाचं महान्यायवादीपद त्यांच्याकडे चालून आलं होतं, त्यांनी ते घेतलं नाही.

त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मी प्रत्येक ज्युनिअरला सांगते. केशवानंद भारती खटल्यात ते केरळ राज्यातर्फे उभे होते. 13 न्यायाधीश, 68 दिवसांची सुनावणी, आणि समोर नानी पालखीवाला, तेही कांगांच्याच चेंबरमधले. सीरवाईंचं म्हणणं होतं की संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला न्यायालयाने अशी मर्यादा घालू नये. 24 एप्रिल 1973 ला 7 विरुद्ध 6 अशा निसटत्या बहुमताने निकाल लागला आणि संविधानाच्या मूलभूत चौकटीचा सिद्धांत जन्माला आला, म्हणजे घटनादुरुस्ती करूनही संसदेला ती चौकट मोडता येत नाही. सीरवाई हरले. मग आणीबाणी आली, व्यक्तिस्वातंत्र्याचं काय होऊ शकतं ते सगळ्यांनी पाहिलं, आणि ज्या सिद्धांताविरुद्ध ते जीव तोडून लढले होते तो त्यांनी आपल्या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत मान्य केला. ‘तेव्हा मी अशिलाचं म्हणणं मांडत होतो’ एवढं म्हणून ते सुटू शकले असते. त्यांनी मत बदललं आणि कारणांसह छापलं. ज्याचा शब्द कोर्टात चालतो तो माणूस असा असतो.

पक्षाचा प्रश्न तू सरळ विचारलास, मीही सरळ सांगते. सरकार आपल्या विश्वासातल्या माणसाला नेमतं, आणि सरकार बदललं की बहुतेक महाधिवक्ता राजीनामा देतात. यात गैर काही नाही, कुठलाही अशील स्वतःचा वकील निवडतोच. पण विश्वासातला असणं वेगळं आणि पक्षाचा कार्यकर्ता असणं वेगळं. पदावर असताना स्वतःची राजकीय मतं किती उघडपणे मांडावीत, यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला तो श्रीहरी अणे यांच्या वेळी. स्वतंत्र विदर्भाची त्यांची भूमिका जुनी आणि जाहीर होती. मराठवाड्याबद्दलच्या वक्तव्यावरून गदारोळ झाला आणि मार्च 2016 मध्ये, नेमणुकीला सहा महिनेही झाले नसताना, त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या मताशी सहमत असो वा नसो, माझं मत असं आहे की या पदावर बसलेल्या माणसाने राज्याच्या सीमांसारख्या प्रश्नावर जाहीर बोलू नये, कारण उद्या त्याच प्रश्नावर त्यालाच राज्यातर्फे उभं राहावं लागेल.

या पदाचे काही छोटे अधिकार आहेत, फारसे कुणाला माहीत नसलेले. न्यायालयाच्या फौजदारी अवमानाची याचिका खासगी माणसाला करायची असेल तर 1971 च्या कायद्याच्या कलम 15 नुसार महाधिवक्त्यांची लेखी संमती लागते. असे अर्ज बरेच येतात, आणि बऱ्याच अर्जांमागे अवमानापेक्षा राग जास्त असतो. सतत निराधार दावे लावून लोकांना छळणाऱ्याला रोखण्यासाठी महाराष्ट्रात 1971 चाच दुसरा कायदा आहे. त्यात हायकोर्टाकडे अर्ज करायचा अधिकार महाधिवक्त्यांचा. एके काळी धर्मादाय संस्थांचे दावेही त्यांच्याच नावाने चालत. 1866 सालचा खोजा समाजाचा प्रसिद्ध खटला, ज्यात न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी आगाखानांच्या बाजूने निकाल दिला, तो कागदोपत्री ‘अ‍ॅडव्होकेट जनरल विरुद्ध महंमद हुसेन हुसेनी’ असाच आहे. समाजातल्या तक्रारदारांनी पुढे यायचं, आणि दावा महाधिवक्त्यांच्या नावाने चालायचा. आता महाराष्ट्रात ते काम धर्मादाय आयुक्तांकडे आहे.

राहिला रस्ता. कागदावर 10 वर्षं असली तरी प्रत्यक्षात पंचवीस-तीस वर्षांच्या वकिलीनंतर हे नाव चर्चेत येतं. एजीपी झालं की सरकारी वकील आणि मग महाधिवक्ता, असा जिना इथे नाही. बहुतेक जण खासगी वकिलीतून थेट येतात आणि मिळकतीचं नुकसान सोसून येतात, कारण सरकारची फी नामांकित वरिष्ठ वकिलाच्या फीच्या आसपासही नसते. ‘हे मुंबईच्या बड्या चेंबरवाल्यांचं काम’ असं तुला सोलापुरात कुणी सांगितलं असेल तर ते अर्धंच खरं. नागपूरच्या बारने, म्हणजे तिथल्या वकीलवर्गाने, अरविंद बोबडे, व्ही. आर. मनोहर, सुनील मनोहर, रोहित देव असे महाधिवक्ता दिले. पुढे काय, याचेही वेगवेगळे नमुने आहेत. मोतीलाल सेटलवाड मुंबईचे महाधिवक्ता होते आणि 1950 मध्ये भारताचे पहिले महान्यायवादी झाले. गुलाम वहानवटी 1999 ते 2004 महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते, मग केंद्राचे सॉलिसिटर जनरल, म्हणजे महान्यायवादींच्या खालोखालचे विधी अधिकारी, आणि मग महान्यायवादी. रोहित देव हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. बरेच जण मुकाट्याने आपल्या चेंबरमध्ये परततात.

बाईला हे पद मिळेल का, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. मी सरकारी वकिलांच्या कार्यालयात लागले तेव्हा आम्ही मोजक्या जणी होतो. आता बोर्ड वाचला तर सरकारतर्फे उभ्या राहणाऱ्या कितीतरी जणी दिसतात. महाधिवक्त्यांच्या खुर्चीत बाई बसलेली मला बघायची आहे, आणि ती जिल्ह्यातून आलेली असली तर अधिक आनंद होईल.

तू सध्या करण्यासारखं सांगते. मूट कोर्टची, म्हणजे कॉलेजातल्या सराव-खटल्यांची, बक्षिसं ठीक आहेत, पण त्यापेक्षा सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात जाऊन सरकारी वकिलांच्या फायली हाताळायला शिक. मराठी टिपणी आणि इंग्रजी शपथपत्र या दोन्हींत सारख्याच सहजतेने लिहिता येणारी माणसं आमच्याकडे आजही कमी पडतात. जमलं तर मुंबईला ये, आणि महाधिवक्ता उभे राहणार असतील अशा दिवशी मुख्य न्यायमूर्तींच्या कोर्टात मागे उभी राहा. मोठा युक्तिवाद चालू असताना नको बघूस. खंडपीठ निवेदनाबद्दल विचारेल तेव्हा बघ. उत्तर द्यायच्या आधी ते मागे वळून अधिकाऱ्याच्या हातातला कागद मागतात का, आणि मिळालेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात का.